पात्र, पण कोणत्या तारखेपासून?

सरकारी पैशावर पीएच.डी. करायची तर माणसाला दोनदा पात्र ठरावं लागतं. आधी विद्यापीठाच्या दारात, मग पैसे देणाऱ्या संस्थेच्या दारात. दोन्हीकडचे पहारेकरी वेगळे, मागितले जाणारे कागद वेगळे आणि कॅलेंडरंही वेगळी. विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्याला या दोन दारांमधलं अंतर फारसं जाणवत नाही. भंडारा जिल्ह्यातून निघणाऱ्याची मात्र याच अंतरात दोन-अडीच वर्षं जातात. वर त्याला लोक विचारतात, ‘अजून झाली नाही का रे तुझी पीएच.डी.?’

हे अंतर कसं तयार होतं ते नीट बघायचं तर एखाद्या उमेदवाराला नियमांच्या वाटेवर चालवून बघायला हवं. खऱ्या माणसाचं नाव घेणं बरं नाही, म्हणून एक मुलगी गृहीत धरू. लाखांदूर तालुक्यातली, धीवर समाजातली, समाजशास्त्रात एम.ए. झालेली. वडील गावतलावावरच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद, आई रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांध्यांत परहे, म्हणजे धानाची रोपं, लावायला जाणारी. विषयही तिच्या दाराशीच आहे. भंडाऱ्यातले मालगुजारी तलाव, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ते सरकारच्या मालकीचे कसे झाले, पाणी एकाकडे आणि मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे अशी वाटणी कशी झाली आणि त्यात धीवरांच्या वाट्याला काय उरलं. या विषयावर पुण्यातला मुलगा चार पुस्तकं वाचून लिहील. ही मुलगी पाण्यात पाय ठेवून लिहील. विषयाची पात्रता कुठे तपासली असती तर ती पहिल्या झटक्यात पास झाली असती. पण तपासले जातात ते टक्के.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएच.डी.बद्दलचे सध्याचे नियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी राजपत्रात आले. त्यांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटक यांना पाच टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली तर एम.ए. न करताही थेट प्रवेशाची वाट आहे. ही वाट कागदावर चांगली दिसते. लाखांदूर-पवनीकडच्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना ती कितपत उपयोगी पडेल याबद्दल मला शंका आहे. एम.फिल. याच नियमांनी बंद झालं. किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षं. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने बाईला गाव बदलावं लागलं तर तिचं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची तरतूदही आहे. नियम लिहिणाऱ्यांनी या ठिकाणी माणसांचा विचार केला आहे, हे मान्य करायला हवं.

आता आपल्या मुलीची पहिली अडचण. एम.ए.ला तिला समजा ५३ टक्के आहेत. म्हणजे सवलत हवीच. सवलत ओबीसींना आहे, आणि महाराष्ट्राच्या यादीत धीवर येतात भटक्या जमाती-ब या प्रवर्गात. केंद्राच्या यादीत भटक्या जमाती असा वेगळा रकानाच नाही. तिथे तोच समाज ओबीसी. म्हणून नेट परीक्षेच्या अर्जासाठी तिला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं आणि राज्याच्या फेलोशिपसाठी राज्याच्या नमुन्यातलं भटक्या जमातीचं. मुलगी एक, जात एक, तहसील कार्यालयातली खिडकीही बहुधा एकच, पण प्रमाणपत्रं दोन. एकाची मुदत संपलेली असते तेव्हा नेमकी दुसऱ्याची जाहिरात निघते.

त्याच्या मागोमाग ‘व्हॅलिडिटी’. जात वैधता समिती पुरावा मागते तो त्या त्या प्रवर्गाच्या मानीव तारखेआधीचा: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जातीची नोंद सापडते. गेलेच नसतील तर कोतवाल पंजी उघडावी लागते, जन्म-मृत्यूची गावपातळीवरची जुनी वही. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. नोंदी कधी मराठीत, कधी हिंदीत, अक्षर जुन्या वळणाचं, आणि जात लिहिणाऱ्याने कानावर पडली तशी लिहिलेली: ढिवर, धिवर, ढीमर, भोई. एका मात्रेवरून शपथपत्र करावं लागतं. संशोधन सुरू होण्याआधीच ही मुलगी अभिलेखागारातलं काम शिकलेली असते. त्याचे क्रेडिट मात्र कोणी देत नाही; कोर्सवर्कचे बारा क्रेडिट वेगळे करावे लागतात.

प्रवेशपरीक्षेचं गणितही मधल्या काळात बदललं. नागपूर विद्यापीठाची ‘पेट’ ही इकडच्या मुलांना वर्षानुवर्षं माहीत होती. मार्च २०२४ मध्ये यूजीसीने जाहीर केलं की पीएच.डी. प्रवेशासाठी नेटचेच गुण वापरता येतील. तेव्हापासून नेटचा निकाल तीन थरांत लागतो: जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) आणि सहायक प्राध्यापकपद, सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश, आणि तिसऱ्या थरात फक्त पीएच.डी. प्रवेश. खालच्या दोन थरांतल्यांसाठी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. पीएच.डी. प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात.

एक वर्ष म्हणजे किती, ते गाईड शोधायला निघाल्यावर कळतं.

पात्रतेच्या चर्चेत नेहमी उमेदवाराचे टक्के मोजले जातात. खरी टंचाई मार्गदर्शकांची आहे. गाईड होण्यासाठी माणूस कायमस्वरूपी नोकरीतला असावा लागतो. प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक असेल तर पीएच.डी. आणि किमान पाच शोधनिबंध. सहायक प्राध्यापक असेल तर पीएच.डी., पाच वर्षांचा अध्यापन किंवा संशोधनाचा अनुभव आणि किमान तीन शोधनिबंध. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायकाकडे चार विद्यार्थी. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. महाविद्यालयात संशोधन केंद्र चालवायचं तर त्या विषयाचे किमान दोन पीएच.डी.धारक शिक्षक हवेत.

या अटी भंडाऱ्याच्या नकाशावर ठेवून बघा. जिल्ह्यात सात तालुके. शहरात जे. एम. पटेल महाविद्यालय, तुमसरला एस. एन. मोर, साकोलीला मनोहरभाई पटेल महाविद्यालय ही जुनी, नाव असलेली केंद्रं. तालुक्यांच्या बाकीच्या महाविद्यालयांत बरंच अध्यापन तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या शिक्षकांवर चालतं. त्यांतले कितीतरी स्वतः पीएच.डी. आहेत, सेट-नेट पास आहेत. पण कायमस्वरूपी नाहीत, म्हणून गाईड होऊ शकत नाहीत. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडली, जुने निवृत्त झाले, जे उरले त्यांच्या जागा भरलेल्या. म्हणजे सरकारच्या एका हाताने थांबवलेली भरती दुसऱ्या हाताने आखलेल्या पात्रतेची गळचेपी करते. उमेदवार नापास झाला असं कोणी म्हणत नाही. त्याला सांगतात, ‘सर, जागा नाही माझ्याकडे, पुढच्या सत्रात बघू.’

मग नागपूर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. आज त्याचं कार्यक्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. लाखांदूरहून वडसा-देसाईगंजला गेलं की विद्यापीठ बदलतं. जवळचं रेल्वेस्थानकही तेच. स्वतःच्या विद्यापीठात जायचं तर शंभराहून जास्त किलोमीटर. हे विद्यापीठ भंडाऱ्यात संशोधनासाठी आलेलं नाही असं नाही. १९६९-७० मध्ये पवनीला जगन्नाथ टेकडीवर जे उत्खनन झालं, बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले, ते नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांचं संयुक्त काम होतं. त्या कामाने पवनी जगाच्या नकाशावर गेली. विद्यापीठ गावाकडे आलं तर काय होतं याचं ते उदाहरण. एरवी गावाने विद्यापीठाकडे जायचं असाच रिवाज आहे.

गाईड मिळाला, सिनॉप्सिस लिहिला, संशोधन आणि मान्यता समितीपुढे, म्हणजे ‘आरआरसी’पुढे, मुलीने विषय मांडला असं समजू. समितीने शीर्षकात एक शब्द बदलायला सांगितला, तिने बदलला, नोंदणीचं पत्र आलं. आता ती विद्यापीठाच्या दृष्टीने पूर्णवेळ संशोधक. तिची सहा वर्षांची घटिका इथून सुरू होते. पैशाचं दार अजून उघडलेलं नाही.

महाराष्ट्रात हे दार जातसमूहागणिक वेगळं आहे. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी. मराठा, कुणबी आणि मराठा-कुणबी समाजासाठी २०१८ पासून सारथी. ओबीसी, विमुक्त, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी २०१९ मध्ये स्थापन झालेली नागपूरची महाज्योती. आदिवासींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. आपली मुलगी महाज्योतीकडे जाईल. तिच्या शेजारच्या बाकावरची बौद्ध मैत्रीण बार्टीकडे. दोघींसोबत बसने येणारा कुणबी मुलगा सारथीकडेही जाऊ शकतो आणि महाज्योतीकडेही, अर्थात लाभ एकाच ठिकाणी. तिघांचा गाईड एक असला, तिघांनी एकाच दिवशी आरआरसी दिली असली, तरी तिघांना पैसे मिळण्याची तारीख तीन तऱ्हांची. ‘यादी लागली का?’ हा प्रश्न संशोधकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर ‘जेवलास का?’ इतक्या सहजपणे विचारला जातो.

वाद होतो तो इथेच. विद्यार्थ्यांची मागणी सुरुवातीपासून एकच आणि अगदी साधी आहे: नोंदणीच्या तारखेपासून फेलोशिप द्या. संस्थांना जाहिरात, छाननी, परीक्षा, यादी हे सगळं करून मग पुढचं बघायचं असतं. २०२१ च्या तुकडीत बार्टीकडे ८६१ संशोधक होते आणि जागा २००. २०२३ च्या फेब्रुवारीत ही मुलं मुंबईच्या आझाद मैदानावर बसली ती कित्येक आठवडे. अखेर सगळ्यांना फेलोशिप देणं सरकारला भाग पडलं. त्यानंतर सरकारने ‘समान धोरण’ आणलं. त्यात बार्टी, सारथी, महाज्योती या तिन्हींना प्रत्येकी २०० जागा आणि निवडीसाठी सामाईक चाळणी परीक्षा. समान धोरण म्हणजे सगळ्यांना समान मिळणं, असं भोळ्या माणसाला वाटेल. इथे समान झाली ती कात्री.

त्याच पार्श्वभूमीवर १२ डिसेंबर २०२३ रोजी नागपूर अधिवेशनात, विधान परिषदेत, सतेज पाटलांनी सारथीच्या फेलोशिपचा प्रश्न काढला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार बोलून गेले की पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत. गदारोळ झाला, खुलासे झाले. मला त्या वाक्यापेक्षा त्यानंतरच्या महिन्याभरात जे घडलं ते जास्त बोलकं वाटतं. २४ डिसेंबरला चाळणी परीक्षा झाली. विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं की ही प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेची आहे, जवळजवळ जशीच्या तशी. परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं. १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा झाली, तेव्हा प्रश्नपत्रिकांना सील नव्हतं असा आरोप करून नागपूर, पुण्यासह केंद्रांवर मुलांनी बहिष्कार टाकला. संशोधनात दुसऱ्याचं उतरवलेलं सापडू नये म्हणून विद्यापीठ प्रबंध सॉफ्टवेअरमधून तपासतं. त्याच संशोधकांची निवड करायला उतरवलेली प्रश्नपत्रिका आली. यावर आणखी काही लिहायची गरज नाही.

परीक्षेबद्दलचा माझा आक्षेप गैरव्यवस्थेपुरता नाही. जी मुलगी नेट देऊन, मुलाखत देऊन, आरआरसीपुढे विषय मांडून विद्यापीठात नोंदली गेली, तिची संशोधक म्हणून पात्रता तीन वेळा तपासली गेली आहे. चौथी परीक्षा पात्रता तपासत नाही, रांग छोटी करते. सरकारकडे पैसा कमी असेल तर तसं सांगावं. त्याला गुणवत्ता म्हणू नये.

ही चर्चा भंडाऱ्याच्या मातीवर करताना एका माणसाची आठवण टाळता येत नाही. मे १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. द्विसदस्य मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी बाबासाहेबांना हरवलं. जिल्ह्यात ही गोष्ट अजून निघते, बरेचदा खाली मान घालून. पण इथे मुद्दा निवडणुकीचा नाही. भंडाऱ्याने ज्याला परत पाठवलं तो माणूस सरकारी पैशावर पीएच.डी. केलेला होता.

बडोदे संस्थानने १९१३ मध्ये त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या वर्षीच्या ४ जूनला करारावर सही झाली: नेमून दिलेल्या विषयांच्या अभ्यासात सगळा वेळ घालवायचा आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. पूर्णवेळ संशोधकाची अट तेव्हाही होती. कोलंबियात एम.ए. झाल्यावर १९१६ मध्ये ते लंडनला गेले, तिथे नवा अभ्यास सुरू केला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अर्ध्यावर परतावं लागलं. पुढचं शिक्षण त्यांनी सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून, शाहू महाराजांच्या मदतीने आणि नवल भाथेनांसारख्या मित्राकडून उसने घेऊन पुरं केलं. कोलंबियाच्या नियमानुसार प्रबंधाच्या छापील प्रती द्याव्या लागत. पुस्तक लंडनहून १९२५ मध्ये छापून निघालं, बडोद्याच्या सयाजीरावांना अर्पण केलेलं, आणि पीएच.डी. औपचारिकपणे मिळाली १९२७ मध्ये. अभ्यास पुरा होण्याची आणि पदवीची तारीख यांत दहा वर्षांहून जास्त अंतर पडलं. त्यातली काही वर्षं छपाईच्या नियमाची, काही पैशाच्या मुदतीची. ज्यांच्या नावाने बार्टीची फेलोशिप दिली जाते त्यांच्याच आयुष्यात मुदतीने काय केलं, हे धोरण आखणाऱ्यांनी वाचलेलं असावं अशी अपेक्षा करायला हरकत नाही.

मुळात मुलं पीएच.डी.मागे का लागली, हा प्रश्न विचारणारे बरेच आहेत आणि त्यात तथ्य आहे. विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची होणार असं यूजीसीनेच २०१८ च्या नियमांत सांगितलं. सक्ती २०२१ ची २०२३ वर गेली आणि जुलै २०२३ मध्ये रद्द झाली. आता नेट, सेट किंवा स्लेट पुरेशी. या पाच वर्षांत ज्यांनी सक्ती खरी मानून नोंदणी केली त्यांना दोष कसा द्यायचा? काही जण फेलोशिपकडे नोकरी मिळेपर्यंतचा पगार म्हणून बघतात, हेही खरं. काही प्रबंध वाचवत नाहीत. गाव बदलून तेच निष्कर्ष लिहिलेले ‘अमुक तालुक्यातील बचतगटांचा चिकित्सक अभ्यास’ ग्रंथालयात धूळ खात आहेत. याला उपाय गाईड आणि संशोधन सल्लागार समितीने दर सत्राचा प्रगती अहवाल मन लावून वाचणं हा आहे. दारावर गर्दी कमी करून आतलं काम सुधारत नाही.

चांगलं काम होतं तेव्हा ते कशाने होतं हेही इथे दिसलेलं आहे. साकोलीकडच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी इकडची झाडीबोली आयुष्यभर वेचली, तिचा शब्दकोश केला. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार हे लोकनाट्य होतं. त्या दंडारीतलं संवादांचं वळण, त्या बोलीतली नाती-गोती आज नोंदवली नाहीत तर पुढच्या पिढीला ती ऐकायलाही मिळणार नाहीत. असा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला भाऊबीजेनंतरचे पंधरा-वीस दिवस शेताबाहेर, घराबाहेर, रात्री जागत काढावे लागतात. तासिकेवर शिकवून घर चालवणाऱ्याला ते जमत नाही, आणि फेलोशिप घ्यायची तर तासिका सोडाव्या लागतात. तासिका आधी सुटतात. फेलोशिपचं नक्की नसतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचा, चिखल्याच्या मँगनीज खाणीत काम केलेल्या बायकांचा, आंधळगावच्या कोसा विणणाऱ्यांचा अभ्यासही असाच कुणीतरी घरातून, खिशात पैसे नसताना सुरू करतं. बहुतेकदा तिथेच सोडतंही.

मागणी मोठी नाही. फेलोशिपच्या जाहिराती विद्यापीठाच्या नोंदणीच्या वेळापत्रकाला बांधून वर्षातून ठरल्या महिन्यांत निघाव्यात, निवड कधीही झाली तरी रक्कम नोंदणीच्या तारखेपासून मोजली जावी, आणि कोणत्या गाईडकडे किती जागा रिकाम्या आहेत ते विद्यापीठाने दर सत्राला जाहीर करावं. केंद्र आणि राज्य यांनी एकाच मुलीकडून दोन जातप्रमाणपत्रं मागणं थांबवलं तर उत्तम, पण तेवढी आशा मी ठेवत नाही.

रकमेचा हिशेब कागदावर सरळ आहे. यूजीसीने १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढची तीन वर्षं ४२,००० असा दर ठरवला. दोन वर्षांचे ८,८८,०००, तीन वर्षांचे १५,१२,०००. बेरीज बरोबर २४ लाख, घरभाडं वेगळं. या दराने लाखांदूरच्या मुलीची यादी नोंदणीनंतर दीड वर्षाने लागली आणि रक्कम यादीपासून मोजली गेली, तर सहा वर्षांच्या मुदतीत तिच्या हाती साडेचार वर्षांचे पैसे राहतात. गेलेली सहा महिन्यांची रक्कम शेवटच्या, वाढीव दराच्या काळातली, म्हणजे २,५२,००० रुपये. आणि पहिले अठरा महिने तलावावर सर्वेक्षणाला जायचं बसभाडं, झेरॉक्स, कोर्सवर्कची फी, नागपुरातली खोली हे सगळं बाप विकेल त्या मासळीतून.